सहा कोटींचं टार्गेट आणि दोन थरांची गोळी

टेल्मिसार्टन ४० मिलिग्रॅम आणि अम्लोडिपिन ५ मिलिग्रॅम. दोन्ही रक्तदाबाची औषधं, दोन्ही जुनी, दोन्हींच्या साध्या गोळ्या गल्लीतल्या मेडिकलमध्ये मिळतात. या दोघांची एक गोळी करून बाजारात आणायला आम्हाला जून २०२२ ते जुलै २०२४ असे पंचवीस महिने लागले. ठरवले होते दहा. छोट्या कंपन्यांतले बरेच जण याच वाटेवर असतात आणि प्रत्येक जण त्याच खड्ड्यात नव्याने पाय घालतो, म्हणून तारखा, खर्च आणि चुका जशा घडल्या तशा लिहितोय. कंपनीचं आणि ब्रँडचं नाव यात नाही, त्याची गरजही नाही.

जून २०२२ : आकडा आधी, गोळी नंतर

वार्षिक आढाव्यात बोर्डावर आकडा लिहिला गेला : पहिल्या वर्षी सहा कोटी, लाँच एप्रिल २०२३. आकडा आला कसा, तर रक्तदाबाच्या कॉम्बिनेशनचं मार्केट एवढं मोठं, त्यातला चिमूटभर हिस्सा तरी मिळेलच, या हिशेबाने. वीस एमआर, म्हणजे डॉक्टरांना भेटून औषधं सांगणारे कंपनीचे प्रतिनिधी, होते. सहा कोटी भागिले वीस, भागिले बारा, म्हणजे पीसीपीएम (एका एमआरमागची महिन्याची विक्री) अडीच लाख, एका नव्या ब्रँडवर. त्या वेळी आमच्या सगळ्या यादीचा मिळून पीसीपीएम सव्वा लाखाच्या आसपास होता. खोलीत कुणी काही बोललं नाही. टार्गेटच्या मीटिंगमध्ये गप्प बसण्याला होकार समजतात, हे माहीत असूनही.

तेव्हा गोळी कागदावरही नव्हती.

जुलै–सप्टेंबर २०२२ : हे कॉम्बिनेशन करता येतं का

पहिलं काम केमिस्ट्रीचं नाही, यादी बघण्याचं. भारतात दोन किंवा जास्त औषधांचं ठरावीक मात्रेतलं मिश्रण, म्हणजे एफडीसी, पहिल्यांदा आणायचं असेल तर ते ‘नवीन औषध’ ठरतं आणि परवानगी दिल्लीहून, सीडीएससीओ या केंद्राच्या औषध नियंत्रण संस्थेकडून घ्यावी लागते. मंजुरीनंतर चार वर्षं ते नवीनच मानलं जातं. त्यानंतर राज्याच्या औषध प्रशासनाकडे, म्हणजे एफडीएकडे जाता येतं. पूर्वी अनेक कंपन्यांनी दिल्लीची पायरी गाळून थेट राज्यांकडून परवाने घेतले. त्यातून पुढे काय झालं ते धंद्यातल्या प्रत्येकाला आठवतं : मार्च २०१६ मध्ये ३४४ मिश्रणांवर बंदी, कोर्टकचेऱ्या, मग सप्टेंबर २०१८ मध्ये ३२८ वर बंदी. आमची गोळी बाजारात आल्यानंतर महिन्याभरात, ऑगस्ट २०२४ मध्ये, आणखी १५६ गेली.

आमचं मिश्रण मंजूर यादीत कधीचंच होतं, डब्ल्यूएचओच्या आवश्यक औषधांच्या यादीतही २०१९ पासून आहे. त्यामुळे राज्याची वाट मोकळी होती. तुमचं मिश्रण खरंच नवं असेल तर हिशेब वेगळा : २०१९ च्या नियमांखाली फॉर्म सीटी-२१, घटक आधीच मंजूर असतील तरी तीन लाखांचं शुल्क, तज्ज्ञ समितीपुढे सादरीकरण, आणि ‘ही दोन औषधं एकत्र का?’ या प्रश्नाला वैद्यकीय उत्तर. ‘मार्केटमध्ये मागणी आहे’ हे तिथे उत्तर होत नाही. आणि मात्रा तंतोतंत जुळवून बघा. ४०+५ मंजूर असेल म्हणून ४०+२.५ आपोआप मंजूर होत नाही. प्रमाण बदललं की औषध पुन्हा नवीन.

याच महिन्यांत ब्रँडच्या नावासाठी ट्रेडमार्कचा अर्ज केला, वर्ग ५, फॉर्म टीएम-ए. छोट्या उद्योगाला ऑनलाइन शुल्क ४,५०० रुपये, इतरांना ९,०००. उद्यम नोंदणीचं प्रमाणपत्र जोडायला विसरलात तर दुप्पट भरावं लागतं. नाव जर्नलमध्ये छापून आल्यावर हरकतीला चार महिने असतात, त्यामुळे हे काम शेवटाला ठेवू नका. परवान्याच्या वेळी ‘या नावाशी मिळतंजुळतं दुसरं औषध नाही’ असं फॉर्म ५१ मध्ये लिहून द्यावं लागतं. ते लिहिण्याआधी दोन-चार होलसेलरच्या बिलिंग सॉफ्टवेअरमध्ये पहिली तीन अक्षरं टाकून पाहा. आमचं पहिलं नाव तिथेच बाद झालं.

ऑक्टोबर २०२२ : पहिला प्रयोग आणि पिवळ्या गोळ्या

चाचणीची बॅच काढायलाही परवाना लागतो : फॉर्म ३० मध्ये अर्ज, फॉर्म २९ मध्ये परवाना. तो हातात येईपर्यंत मशिनला पावडर लावू नका, कारण पुढे तपासणीत बॅच रेकॉर्डवरची तारीख पहिल्यांदा पाहिली जाते.

आता मुख्य अडचण. टेल्मिसार्टन पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. पोटापासून आतड्यापर्यंतच्या पीएचमध्ये ते तसंच दगडासारखं बसून राहतं. विरघळवायचं तर तीव्र अल्कली लागते. म्हणून पाण्यात सोडियम हायड्रॉक्साइड आणि मेग्लुमाइन घालतात, पोव्हिडोन घालतात, त्यात टेल्मिसार्टन सोडून द्रावण नितळ होईपर्यंत ढवळतात आणि मग ते फ्लुइड बेडमध्ये, म्हणजे गरम हवेवर पावडर तरंगत ठेवणाऱ्या यंत्रात, सॉर्बिटॉल किंवा मॅनिटॉलवर फवारतात. ४० मिलिग्रॅमच्या गोळीला आम्ही सोडियम हायड्रॉक्साइड साधारण साडेतीन मिलिग्रॅम आणि मेग्लुमाइन १२ मिलिग्रॅम धरलं. गोळीत ही अल्कली राहतेच. तीच तर औषध विरघळवते.

अम्लोडिपिनला नेमकी हीच अल्कली सोसत नाही. अल्कली आणि ओलावा एकत्र आले की ते तुटायला लागतं. प्रकाशही चालत नाही. त्यात लॅक्टोज घातलं तर त्याच्याशीही अभिक्रिया होते, कारण अम्लोडिपिनमध्ये मोकळा अमाइन गट आहे.

हे सगळं माहीत असूनही आम्ही पहिल्यांदा एकाच थराची गोळी करून पाहिली. कारण सरळ : दोन थरांचं मशिन आपल्याकडे नाही, बाहेर करून घ्यायला पैसे पडतात, आणि एप्रिल जवळ येतोय. अम्लोडिपिनचे दाणे वेगळे करून त्यावर पातळ लेप दिला, की अल्कली लागणार नाही असं वाटलं. ४० अंश आणि ७५ टक्के आर्द्रतेच्या कपाटात गोळ्या ठेवल्या. तिसऱ्या आठवड्यात त्यांच्यावर पिवळट झाक आली, महिन्याअखेरीला अम्लोडिपिनच्या अशुद्धी मर्यादेच्या बाहेर होत्या. कच्चा माल, मजुरी, चाचण्या मिळून साडेतीन लाख आणि सात आठवडे गेले. मार्केटिंगला कळवलं तेव्हा प्रश्न आला, ‘थोडं कमी दिवसांचं एक्स्पायरी छापून चालणार नाही का?’ चालत नाही.

नोव्हेंबर २०२२–फेब्रुवारी २०२३ : दोन थर

दोन थरांच्या गोळीत एका बाजूला टेल्मिसार्टन, दुसऱ्या बाजूला अम्लोडिपिन, आणि दोघांची गाठ फक्त मधल्या पृष्ठभागावर. आमची रचना : टेल्मिसार्टनचा थर २४० मिलिग्रॅम, अम्लोडिपिनचा १६०. अम्लोडिपिनचा थर मायक्रोक्रिस्टलाइन सेल्युलोज आणि डायबेसिक कॅल्शियम फॉस्फेटवर, लॅक्टोज शून्य, त्यात पिवळा आयर्न ऑक्साइड. रंग दिसायला छान म्हणून घातलेला नाही. पांढऱ्या थरात पिवळा ठिपका दिसला की भेसळ कुठून होतेय ते लगेच कळतं. आणि हो, अम्लोडिपिन ५ मिलिग्रॅम म्हणजे अम्लोडिपिन बेसिलेट ६.९३ मिलिग्रॅम. हे क्षाराचं गणित पहिल्या बॅच शीटवर चुकवणारे आजही भेटतात.

मशिन दुसऱ्या एका प्लांटमधलं भाड्याने घेतलं. पंचांचा, म्हणजे गोळी दाबणाऱ्या ठशांचा, नवा संच तीन लाख दहा हजार, यायला पाच आठवडे.

पहिल्या दिवशी गोळ्या ट्रेमध्ये पडायला लागल्या आणि आवाज वेगळा आला. एकच टक् ऐकू यायला हवं, तिथे टक-टक. उचलून पाहिलं तर पांढरी चकती वेगळी, पिवळी चकती वेगळी. थर सुटत होते. याची कारणं आम्हाला तीन सापडली, आणि तिन्ही एकाच वेळी चालू होती. एक, पहिल्या थरावरचा हलका दाब आम्ही जास्त ठेवला होता. पहिला थर आधीच गुळगुळीत आणि कडक झाला की दुसऱ्याला धरायला जागाच उरत नाही. तो दाब दोन किलोन्यूटनच्या खाली आणला, पावडर फक्त बसेल इतका. दोन, मॅग्नेशियम स्टिअरेटबरोबरचं मिक्सिंग आठ मिनिटं चाललं होतं. ते मेणचट असल्यामुळे दाण्यांवर पसरतं आणि चिकटू देत नाही. तीन मिनिटांवर आणलं. तीन, टेल्मिसार्टनचे दाणे हवेतलं पाणी ओढत होते.

तिसऱ्या कारणाने सगळ्यात जास्त छळलं. हे दाणे ओलावा इतके ओढतात की पिशवी उघडी राहिली तर तासाभरात हाताला चिकट लागतात. मग ते पंचाला चिकटतात, गोळीवर खड्डे पडतात. खोलीची आर्द्रता ३५ टक्क्यांच्या वर जाऊ द्यायची नाही, दाण्यांतला ओलावा दीड टक्क्याच्या आत, दुहेरी पिशवी, सिलिका जेल, आणि दाणे तयार झाल्यापासून गोळी होईपर्यंत ४८ तासांपेक्षा जास्त नाही, असे नियम लिहून काढले. नोव्हेंबर-डिसेंबरच्या कोरड्या हवेत सगळं सुरळीत जातं. म्हणून प्रयोग थंडीत करून पावसाळ्यात धंद्याची बॅच काढणाऱ्यांनी डीह्युमिडिफायर आधी तपासावा.

शेवटचा त्रास थरांमधल्या धुळीचा. पहिल्या थराची पावडर टरेटवर, म्हणजे मशिनच्या फिरत्या तबकडीवर, फिरत दुसऱ्या फीडरखाली जाते आणि अम्लोडिपिनच्या थरात अल्कली शिरते. स्क्रेपर नीट बसवला, दोन फीडरच्या मध्ये सक्शनचं तोंड लावलं. मशिनचा वेग निम्म्यावर ठेवला. तरी सुरुवातीच्या सेटिंगमध्ये तीन-चार टक्के गोळ्या फुकट जातातच, ते किमतीत धरा.

पॅकिंग ॲल्यु-ॲल्यु ब्लिस्टर, म्हणजे दोन्ही बाजूंनी ॲल्युमिनियम. साध्या पीव्हीसीत ही गोळी टिकत नाही. खर्च स्ट्रिपमागे दीड रुपयाने वाढला आणि खरेदी विभागाशी त्यावरून दोन आठवडे वाद झाला. वाद संपवला निळ्या पाण्याच्या चाचणीने : दोन्ही प्रकारच्या स्ट्रिपा मिथिलीन ब्लूच्या पाण्यात निर्वाताखाली ठेवल्या, वरून कपाटातल्या महिनाभराच्या ओलाव्याचे आकडे दाखवले. निळ्या पाण्याने फक्त सील कळतं, पीव्हीसीतून झिरपणारा ओलावा कळत नाही, म्हणून दोन्ही दाखवावं लागतं.

मोजायचं कसं

हा भाग बाहेरच्यांना दिसत नाही, पण वेळ इथे जातो. गोळीत एक औषध दुसऱ्याच्या आठ पट आहे. अम्लोडिपिनची ०.२ टक्का अशुद्धी म्हणजे ०.०१ मिलिग्रॅम. ती शोधायची कशात, तर ४० मिलिग्रॅम टेल्मिसार्टनच्या शेजारी. चार हजारांत एक. एचपीएलसीच्या, म्हणजे द्रावणातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्राच्या, आलेखावर टेल्मिसार्टनचं शिखर डोंगरासारखं उभं राहतं आणि त्याच्या उतारावर ही अशुद्धी लपते. त्यासाठी वेगळी पद्धत बसवायला दोन महिने आणि कॉलमसह चार लाख लागले.

विरघळण्याची चाचणीही दोनदा : टेल्मिसार्टनसाठी ७.५ पीएचच्या फॉस्फेट बफरमध्ये, अम्लोडिपिनसाठी सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात. एका द्रावणात दोघांचं भागत नाही. गोळ्या दुप्पट, वेळ दुप्पट, प्रयोगशाळेचं बिल दुप्पट. बजेट करताना ‘एका उत्पादनाच्या चाचण्या’ असं लिहून मोकळे होऊ नका.

मार्च–सप्टेंबर २०२३ : हातावर हात

मार्चमध्ये स्थिरतेसाठी तीन बॅचेस काढल्या, प्रत्येकी एक लाख गोळ्या. ४० अंश आणि ७५ टक्के आर्द्रतेवर सहा महिने, शिवाय दीर्घ मुदतीसाठी ३० अंश आणि ७५ टक्के. दीर्घ मुदतीला एवढी कडक आर्द्रता ठेवायचं कारण एवढंच की उद्या कुणी परदेशी खरेदीदार आला तर पुन्हा पहिल्यापासून सुरू करावं लागू नये. राज्याकडून परवाना घ्यायला स्थिरतेचा पुरावा २०१८ पासून बंधनकारक आहे.

हे सहा महिने कुठल्याही ओव्हरटाइमने पाच होत नाहीत. एप्रिल २०२३ ची लाँचची तारीख याच काळात गेली. पण टार्गेट शीटमधून आकडा कुणी काढला नव्हता. एप्रिलपासून दर महिन्याला वीस जणांच्या नावापुढे अडीच लाखांची तूट लाल रंगात दिसत होती, अस्तित्वात नसलेल्या गोळीची. दोन एमआर त्याच तिमाहीत सोडून गेले. इन्सेन्टिव्ह एकूण टक्केवारीवर होता, त्यामुळे बाकी यादी व्यवस्थित विकूनही त्यांच्या हातात काही पडत नव्हतं. टार्गेट लावणाऱ्याला एकच सांगणं : नवीन उत्पादनाची ओळ पहिल्या बॅचच्या विक्रीच्या दिवसापर्यंत शीटमध्ये येऊच देऊ नका.

जून–ऑक्टोबर २०२३ : बीई (बायोइक्विव्हॅलन्स)

टेल्मिसार्टन बीसीएसच्या, म्हणजे विरघळणं आणि शोषण यांवरून केलेल्या वर्गवारीच्या, दुसऱ्या वर्गातलं, म्हणजे शोषण चांगलं पण विरघळणं कठीण. दुसऱ्या आणि चौथ्या वर्गातल्या औषधांना राज्याचा परवाना हवा असेल तर एप्रिल २०१७ पासून बायोइक्विव्हॅलन्सचा अभ्यास द्यावा लागतो, म्हणजे आपली गोळी आधीच्या मान्य गोळीइतकंच औषध रक्तात पोचवते हे माणसांवर दाखवावं लागतं. एकूण खर्चातला सगळ्यात मोठा घास हाच.

तीन केंद्रांची दरपत्रकं मागवली, सगळ्यात कमी आणि सगळ्यात जास्त यांत तेवीस लाखांचा फरक. फरक कशात आहे ते ओळीओळीने वाचा : स्वयंसेवक किती, रक्ताचे नमुने किती, एक औषध मोजणार की दोन, गळतीसाठी जादा माणसं धरली आहेत का. टेल्मिसार्टनची रक्तातली कमाल पातळी एकाच माणसात दोन वेळा घेतली तरी बरीच वेगळी येते. त्यामुळे २४ जणांत हा अभ्यास उरकू असं सांगणाऱ्या केंद्राकडे जाऊ नका. निकाल रुंद येतो, नापास होतो आणि सगळे पैसे पाण्यात. आम्ही ६४ जण घेतले. बिल ५२ लाख.

दोन फेऱ्या, मध्ये २१ दिवसांची विश्रांती, कारण अम्लोडिपिनचं अर्धआयुष्य ३० ते ५० तासांचं आहे आणि आधीच्या फेरीचा अंश उरायला नको. रक्ताचे नमुने ७२ तासांपर्यंत. निरोगी माणसाला उपाशीपोटी रक्तदाबाची दोन औषधं दिली की चक्कर येणारच, म्हणून गोळी ग्लुकोजच्या पाण्याबरोबर आणि पहिले काही तास झोपवून ठेवून, दर थोड्या वेळाने रक्तदाब मोजत. तरी सहा जण दुसऱ्या फेरीला आले नाहीत किंवा वगळावे लागले. नीतिसमितीची मान्यता, दोन फेऱ्या, प्लाझ्माचं विश्लेषण, अहवाल मिळून सव्वाचार महिने.

पास व्हायचं म्हणजे दोन्ही औषधांची कमाल पातळी आणि एकूण शोषण, अशा चार आकड्यांचा ९० टक्के विश्वास-अंतराल (कॉन्फिडन्स इंटर्व्हल) ८० ते १२५ च्या आत हवा. तीन सहज बसले. टेल्मिसार्टनची कमाल पातळी बसली, पण खालच्या कडेपासून फार लांब नव्हती. तो अहवाल उघडतानाची पाच मिनिटं पंचवीस महिन्यांत सगळ्यात लांब वाटली.

नोव्हेंबर २०२३–मे २०२४ : परवाना आणि किंमत

राज्याच्या एफडीएकडे फॉर्म २५ च्या परवान्यात हे उत्पादन जोडण्यासाठी अर्ज केला. अतिरिक्त औषधाचं सरकारी शुल्क काहीशे रुपये. ५२ लाखांच्या शेजारी ते लिहिताना गंमत वाटली. शंका दोन आल्या : प्रत्येक थराचं वजन चालू उत्पादनात कसं तपासणार, आणि विश्लेषण पद्धतीच्या वैधतेचे कच्चे आलेख कुठे आहेत. पहिल्याचं उत्तर असं : दर अर्ध्या तासाला दुसरा फीडर बंद करून पहिल्या थराच्या वीस चकत्या वेगळ्या काढून तोलायच्या. ही ओळ पहिल्याच अर्जात लिहिली असती तर तीन आठवडे वाचले असते. परवानगी जानेवारीअखेरीस आली.

याच दरम्यान, डिसेंबर २०२३ मध्ये, सुधारित शेड्यूल एम, म्हणजे औषध कारखान्यांसाठीची नियमावली, जाहीर झालं आणि भाड्याच्या प्लांटने दर वाढवून मागितला. करारात दरवाढीचं कलम नसेल तर आत्ताच घालून घ्या.

मग एनपीपीए, म्हणजे औषधांच्या किमती ठरवणारं प्राधिकरण. इथे आम्ही जवळजवळ फसलो होतो. ‘आपलं कॉम्बिनेशन किंमत नियंत्रणाच्या यादीत नाही, म्हणजे एमआरपी आपण ठरवू’ असं सगळे धरून चालले होते. पण औषध किंमत नियंत्रण आदेश २०१३ प्रमाणे यादीतलं एखादं औषध आधीपासून बनवणारी कंपनी त्यात दुसरं औषध मिसळून नवं उत्पादन आणत असेल, तर तिच्यासाठी ते किंमतीपुरतं ‘नवीन औषध’ ठरतं आणि विक्रीआधी फॉर्म १ मध्ये किंमत मंजूर करून घ्यावी लागते. आम्ही साधी अम्लोडिपिन ५ वर्षानुवर्षं विकत होतो. मंजुरीशिवाय विकलं तर जादा घेतलेली रक्कम व्याजासकट वसूल होते. अर्ज फेब्रुवारीत, किंमत मे महिन्यात. हे मात्र सोपं करता येतं : त्याच मिश्रणाला प्राधिकरणाने आधी इतर कंपन्यांना काय किंमत दिली ते त्यांच्या बैठकींच्या इतिवृत्तांत छापलेलं असतं. जून २०२२ मध्ये अर्धा तास काढून ते वाचलं असतं तर बोर्डावर सहा कोटी लिहिलेच गेले नसते.

आता खरा हिशेब

आमची मंजूर किंमत देत नाही, गणितासाठी गोळीला सात रुपये धरा, जीएसटीशिवाय. दहाची स्ट्रिप ७० रुपये, तेव्हाचा १२ टक्के जीएसटी धरून एमआरपी ७८.४०. रिटेलरचं मार्जिन त्याच्या खरेदी दरावर १६ टक्के, म्हणजे पीटीआर (रिटेलरला पडणारा दर) ६०.३४. स्टॉकिस्टचे, म्हणजे घाऊक विक्रेत्याचे, ८ टक्के काढले की पीटीएस (स्टॉकिस्टला पडणारा दर) ५५.५१. त्यावर १०+१ स्कीम (दहावर एक फुकट) दिली की ५०.४६. सी अँड एफचं (कंपनीचा माल साठवून पुढे पाठवणाऱ्या एजंटचं) कमिशन आणि एक्स्पायरीचा परतावा वजा केला की हातात सत्तेचाळीसच्या आसपास. टार्गेट शीटमध्ये मात्र गुणाकार एमआरपीने केला होता. हा प्रकार आमच्याकडेच घडतो असं समजू नका.

पुढे माणसांचा हिशेब. स्ट्रिपमागे ५० रुपये धरले तर अडीच लाख म्हणजे एका एमआरमागे महिन्याला पाच हजार स्ट्रिपा. रक्तदाबाचा पेशंट महिन्याला तीन स्ट्रिपा घेतो. म्हणजे एका एमआरच्या भागात १,६६७ माणसं रोज सकाळी आमचीच गोळी खात असायला हवीत. पहिल्या महिन्यापासून!

प्रत्यक्षात काय होतं? यादीवर दीडशे डॉक्टर, त्यातले नियमित लिहू शकणारे पंधरा. चालू गोळीवर रक्तदाब आटोक्यात असलेल्या पेशंटची गोळी कुणी डॉक्टर बदलत नाही, बदलूही नये. नव्या पेशंटमधले आठवड्याला एक, म्हणजे महिन्याला चार. पंधरा डॉक्टरांचे साठ. त्यातला एक तृतीयांश सोडून देतो, किंवा मेडिकलवाला दुसरा ब्रँड देतो. उरले चाळीस. पहिल्या महिन्यात ४०, दुसऱ्यात ८०, बाराव्यात ४८०. वर्षाची बेरीज ३,१२० पेशंट-महिने, प्रत्येकी १५० रुपये, एका एमआरचे ४ लाख ६८ हजार, वीस जणांचे ९३ लाख ६० हजार.

सहा कोटी नव्हे, ९४ लाख. हा कागद फेब्रुवारी २०२४ मध्ये मांडला. खोलीत तेव्हाही शांतता होती, पण वेगळी. घासाघीस होऊन टार्गेट १ कोटी २० लाखांवर आलं, ठरावीक रक्कम दर महिन्याला नाही तर चढत्या पायऱ्यांनी : पहिल्या तिमाहीला वर्षाचा दहावा हिस्साही नाही. दीर्घकाळ चालणाऱ्या औषधाची विक्री साठत जाते. तिला सर्दी-खोकल्याच्या सिरपसारखं बाराने भागून चालत नाही.

मार्च २०२४ मध्ये औषध विपणनाची नवी समान संहिता आली. डॉक्टरांना भेटवस्तू बंद, सॅम्पल एका डॉक्टरला एका औषधाचे वर्षात बारापेक्षा जास्त पॅक नाहीत, आणि सॅम्पलचं एकूण मूल्य कंपनीच्या देशांतर्गत विक्रीच्या दोन टक्क्यांच्या आत. भेटवस्तूंचा खर्च आयकरात वजा मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्येच सांगितलं होतं. लाँचसाठी काढलेलं किटचं बजेट त्यामुळे रद्द झालं. ते पैसे ट्रेनिंगमध्ये घातले : गरोदरपणात ही गोळी चालत नाही, अम्लोडिपिनने पाय सुजतात आणि टेल्मिसार्टन सोबत असलं तर ती सूज कमी राहते, एकत्र गोळीत एकाचीच मात्रा वाढवता येत नाही. डॉक्टर हेच विचारतात.

जुलै २०२४–जून २०२५

पहिल्या वर्षाचे आकडे : प्रायमरी (कंपनीकडून स्टॉकिस्टला) १ कोटी १८ लाख, सेकंडरी (स्टॉकिस्टकडून मेडिकलला) ८२ लाख. मधले ३६ लाख स्टॉकिस्टांच्या गोदामात. टार्गेट कागदावर जवळजवळ पूर्ण झालं, गोळ्या मात्र कपाटात. सप्टेंबर आणि मार्चच्या शेवटच्या चार दिवसांत बिलं फाडली गेली होती, हे तारखांवरून सरळ दिसतं. यात एमआरची चूक कमी. इन्सेन्टिव्ह प्रायमरीवर ठेवला की माल ढकलला जाणारच. एप्रिल २०२५ पासून इन्सेन्टिव्ह सेकंडरीवर नेला, आणि ज्या स्टॉकिस्टकडे पंचेचाळीस दिवसांपेक्षा जास्त क्लोजिंग, म्हणजे शिल्लक माल आहे त्याला नवीन बिल बंद केलं. दोन महिने विक्री पडली. आरसीपीए, म्हणजे मेडिकलमध्ये विचारून एमआरने लिहिलेली प्रिस्क्रिप्शनची नोंद, मात्र तेव्हापासून खरी यायला लागली, कारण खोटी लिहून कुणाला फायदाच उरला नाही.

गोळी बनवायचा थेट खर्च : प्रयोग आणि कच्चा माल १२ लाख, पंच ३ लाख १० हजार, विश्लेषण पद्धत ४ लाख, स्थिरतेच्या चाचण्या ६ लाख ४० हजार, बीई ५२ लाख. साडेसत्त्याहत्तर लाख, पगार आणि व्याज सोडून.

२२ सप्टेंबर २०२५ पासून औषधांवरचा जीएसटी १२ चा ५ टक्के झाला. वर धरलेली ७८.४० ची स्ट्रिप ७३.५० ची झाली. सुधारित किंमतपत्रक सगळ्या स्टॉकिस्टांना पाठवलं, पोच घेऊन फाइलला लावली. त्या संध्याकाळी ग्रुपवर एका एमआरने विचारलं, एमआरपी कमी झाली तर टार्गेटही कमी होणार का? होणार नाही. आपण पीटीएसवर मोजतो, आणि तो अजून ५५.५१ च आहे.